‘जुनी हायब्रीड विकू नका, दान करा’: फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

घोडबंदर रोडपासून वाशी-नेरूळपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. त्याचा आशय असा: दहा-बारा वर्षे जुन्या हायब्रीड (इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या) गाडीला बॅटरीच्या धास्तीने कोणी भाव देत नाही, म्हणून ती धर्मादाय संस्थेला दान करा, गाडीच्या बाजारभावाइतकी रक्कम १९६१ च्या आयकर कायद्यातल्या देणग्यांवरच्या वजावटीच्या कलम ८०जीखाली करपात्र उत्पन्नातून वजा होते, संस्था दारातून गाडी नेते, पावती मिळाली की तुमची जबाबदारी संपते, गाडीची रुग्णवाहिका होते आणि ती भंगारात न गेल्याने पर्यावरणाचेही भले होते. ठाण्यातल्या एका लहान विश्वस्त संस्थेचा खजिनदार या नात्याने दान करू इच्छिणाऱ्याला परावृत्त करणे मला परवडणारे नाही. तरीही भाव पडतो हे पहिले विधान सोडले, तर या मेसेजमधले बाकी काहीही जसेच्या तसे टिकत नाही.

करसवलतीचा मुद्दा आधी घेतो, कारण सगळा मेसेज त्याच खुंटीला टांगलेला आहे. देणगी पैशाच्या स्वरूपात असेल तरच वजावट मिळेल, असे कलम ८०जीच्या स्पष्टीकरणातच लिहिलेले आहे. गाडी, धान्य, कपडे, औषधे यांपैकी कशालाही ती लागू होत नाही. संस्था देणग्यांचे जे वार्षिक विवरण आयकर खात्याकडे भरते, त्यात वस्तुरूप देणगीची नोंद करण्याची सोय आहे आणि पुष्कळांचा घोटाळा तिथेच होतो. परंतु नोंद झाली म्हणून वजावटीचा हक्क उत्पन्न होत नाही. शिवाय ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे, त्यांना रोख, चेक, वस्तू कशाचीही ८०जी वजावट मिळत नाही.

मग ही कल्पना आली कुठून? माझ्या मते ती अमेरिकेतून आली. तिथे गाडी दान करून कर वाचवण्याची पद्धत खरोखरच रूढ आहे. मात्र लोक मोडक्या गाड्यांची किंमत मनाला येईल तशी फुगवून दाखवू लागल्याने तिथेही २००५ पासून नियम आवळण्यात आला. संस्थेने गाडी स्वतः न वापरता विकून टाकली, तर पाचशे डॉलरपुढच्या दाव्यात सामान्यतः विक्रीतून जेवढे पैसे आले तेवढीच वजावट मिळते. मेसेज लिहिणाऱ्याने तिथला नियम इथल्या कलमाला चिकटवला आणि तोही अर्धाच.

आता साधा हिशेब पाहा. गाडी तीन लाखांना विकली आणि ते पैसे चेकने संस्थेला दिले, असे समजू. स्वतःच्या वापरातली गाडी विकल्यावर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. जुन्या करप्रणालीत बहुतेक संस्थांच्या बाबतीत, ढोबळमानाने एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपर्यंतची देणगी विचारात घेतली जाते आणि तिच्या निम्मी रक्कम वजा होते. १५ लाख उत्पन्न असलेल्या माणसाचे, इतर वजावटी बाजूला ठेवल्या तर, दीड लाख विचारात येतील, पंचाहत्तर हजार वजा होतील आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात, उपकर धरून, २३,४०० रुपये वाचतील. आकडा डोळे दिपवणारा नसला तरी तो खरा आहे. गाडीच दिली तर तो शून्य होतो.

‘पावती मिळाली की जबाबदारी संपते’ हे विधान मला सगळ्यांत घातक वाटते. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकापाठोपाठ एक हात बदलत गेली होती, पण आरटीओच्या दप्तरी पहिल्याच मालकाचे नाव राहिले होते. पुढे अपघात झाला तेव्हा भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. दानाची गाडीही याला अपवाद नाही. मालकी बदलाचे अर्ज, म्हणजे नमुना २९ आणि ३०, भरून, थकलेली ई-चलने मिटवून, कर्ज असल्यास बँकेचा बोजा उतरवून आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) संस्थेचे नाव चढेपर्यंत शिळफाट्यावर कोणी सिग्नल तोडला तरी दंडाचा मेसेज तुमच्याच मोबाईलवर येणार.

रुग्णवाहिकेच्या मुद्द्यावर फार लिहिण्याची गरज नाही. रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ हे मानक आहे आणि सेडानमध्ये स्ट्रेचर आडवे ठेवायलाच जागा नसते. आमच्यासारख्या संस्थांचे काम शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर चालते. तिथल्या रस्त्यांना बोलेरो लागते, कॅमरीसारखी हायब्रीड सेडान नव्हे.

राहिली बॅटरी. २०१५ ची मारुतीची सियाझ एसएचव्हीएस (इंजिनाला विजेची थोडीशीच मदत घेणारी सौम्य हायब्रीड) आणि टोयोटाची पूर्ण हायब्रीड प्रियस यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे. त्या सियाझमध्ये मोठी लेड-ॲसिड बॅटरीच आहे, तिची भीती बाळगण्याचे कारण नाही. प्रियसमध्ये मात्र निकेल-मेटल हायड्राइड प्रकारच्या बॅटरीचे २८ मॉड्यूल (सुटे गट) एकामागोमाग जोडून सुमारे २०० व्होल्टचा संच केलेला असतो आणि एक मॉड्यूल कमजोर झाले की सगळा संच लंगडतो. आम्हाला देऊ केलेल्या अशाच एका गाडीच्या मागच्या सीटच्या कडेची जाळी मेकॅनिकने काढून दाखवली, तेव्हा बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची वाट धुळीने आणि कुत्र्याच्या केसांनी पार बुजलेली होती. मालकाने पाच वर्षांत तिकडे पाहिले नव्हते. त्या बॅटरीच्या दुरुस्तीचा खर्च दानाच्या नावाखाली आमच्या गळ्यात पडणार होता. आम्ही हात जोडून नकार दिला.

पर्यावरणाचे म्हणाल, तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी दिल्यास ठेव प्रमाणपत्र (गाडी भंगारासाठी जमा केल्याचा दाखला) मिळते, ते नव्या गाडीच्या करसवलतीसाठी वापरता येते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटरीच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. संस्थेच्या आवारात चार पावसाळे कुजणाऱ्या गाडीपेक्षा हे नक्कीच बरे.

तरीही एखाद्या संस्थेला तुमचीच गाडी हवी असेल, तर जरूर द्या. मात्र विश्वस्तांचा लेखी ठराव मागा, हायब्रीड बॅटरीचा तपासणी अहवाल आधीच त्यांच्या हाती ठेवा, विम्यावरचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) स्वतःकडे राखून घ्या, आणि नाव बदललेली आरसी पाहिल्यावरच दुसरी चावी द्या.