लोकअदालतीची नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे

"लोकअदालतीला गेला नाहीत तर वॉरंट निघतं, आणि तिथे सही केली तरी नंतर अपील करता येतं," असा मेसेज सध्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक. दुसरी जास्त महागात पडणारी.

रावेर-यावलकडे पीककर्ज थकलेल्यांना येते ती बहुधा 'दाखलपूर्व' प्रकरणाची नोटीस. म्हणजे बँकेने दावा अजून लावलेलाच नाही. न गेल्याने अटक होत नाही. कर्ज मात्र डोक्यावर तसंच राहतं. फौजदारी खटल्यातली नेहमीची तारीख वेगळी. ती चुकवली तर वॉरंट निघू शकतं.

आता सहीचं. लोकअदालतीचं पॅनेल तडजोड घडवतं, लादत नाही. नाही जमलं तर चालू केस मूळ कोर्टात परत जाते. पण तडजोडीवर सही झाली की विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम २१ नुसार तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच (म्हणजे अंतिम निकालाइतकाच) पक्का. त्यावर अपील नाही. फसवणुकीसारखं ठोस कारण असेल तर हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करावी लागते, आणि तो खर्च कुणी मेसेजमध्ये लिहीत नाही!

म्हणून "साहेब म्हणाले व्याज माफ" यावर जाऊ नका. माफीचा आकडा, हप्त्यांच्या तारखा कागदावर उतरल्यात का, ते वाचून घ्या. कोरी जागा दिसली तर आधी भरायला लावा. वाचून दाखवायला वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता तो मोफत मिळतो.