स्वसंमोहन शिका, पण पंप सोडू नका

थंडी पडायला लागली की दम्याबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. यंदाही तो नात्यातल्या, सोसायटीतल्या, शाळेतल्या ग्रुपवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दमा हा मुळात मनाचा आजार आहे. पंपाची (इनहेलरची) सवय लागते आणि त्यातलं स्टेरॉइड शरीर पोखरतं. म्हणून रोज स्वसंमोहन करा, 'माझ्या श्वासनलिका मोकळ्या होत आहेत' असं मनाला सांगा आणि पंप सोडून द्या. अटॅक आलाच तर पंप न घेता डोळे मिटून शांत पडून राहा. हे सगळं परदेशी संशोधनाने सिद्ध झालं आहे.

मला लहानपणापासून दमा आहे आणि झोपण्यापूर्वी मी नेमाने शिथिलीकरण (शरीर आणि मन सैल सोडणं) करते. त्याचा मला उपयोग होतो. त्यामुळेच अशा उपायांच्या नावावर लोकांना पंप सोडायला सांगितलं जातं, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

'दमा मनाचा आजार आहे' या वाक्यात सत्याचा एक तुकडा आहे, म्हणून ते पटकन पटतं. गुलाबाच्या वासाने त्रास होणाऱ्या एका बाईसमोर मॅकेन्झी नावाच्या अमेरिकन डॉक्टरने कृत्रिम गुलाब धरला आणि तिला तसाच त्रास सुरू झाला, ही नोंद १८८६ सालची आहे. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दम्याच्या ४० रुग्णांना नुसत्या मिठाच्या पाण्याचा फवारा हुंगायला दिला आणि सांगितलं, की यात तुम्हाला त्रास देणारा पदार्थ आहे. १९ जणांच्या श्वासनलिका खरोखर आवळल्या, १२ जणांना तर पुरता अटॅक आला. मग तेच पाणी 'हे औषध आहे' म्हणून दिलं, तर त्यांना उतार पडला. मजकूर लिहिणारे इथे थांबतात. पण त्याच प्रयोगात दमा नसलेले लोकही होते आणि त्यांना तीच थाप मारूनही काही झालं नाही. मनाचा इशारा सगळ्यांपर्यंत पोचला असेल, पण आवळली ती आधीच हळवी झालेली श्वासनलिका. तिच्या अस्तराला सूज असते, आत चिकट कफ असतो, भोवतीचे स्नायू जरा निमित्त मिळालं की आकसतात. काळजी, रडणं, खूप हसणं हीसुद्धा निमित्तंच, जशी धूळ, थंड हवा, फटाक्यांचा धूर. निमित्तालाच आजार समजलं, की घरात दमेकरी मुलाला 'मन खंबीर कर' म्हणून ऐकवलं जातं. त्या मुलावर हा अन्याय आहे.

स्टेरॉइडचं भय मी समजू शकते, कारण स्टेरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन हाडं ठिसूळ झालेली माणसं अनेकांनी पाहिलेली असतात. पण आकडे शेजारी ठेवून बघा. मोठ्या अटॅकमध्ये प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी दिवसाला साधारण ४० मिलिग्रॅम देतात. पंपाच्या एका पफमध्ये ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड साधारण २०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे वजनाने त्याच्या दोनशेवा भाग, आणि तेही थेट फुप्फुसात. घसा बसणं, तोंडात पांढरा थर येणं हे त्रास होऊ शकतात. म्हणून पंप घेतल्यावर चूळ भरायची. मोठा डोस फार काळ लागत असेल, तर तो कमी करता येईल का हे डॉक्टरांशी बोलायचं. उलट बाजूला काय आहे तेही सांगायला हवं. कॅनडातल्या रुग्णांच्या नोंदींवरून २००० साली निघालेला निष्कर्ष असा, की स्टेरॉइड पंपाच्या वर्षाला वापरलेल्या प्रत्येक जादा डब्यामागे दम्याने मरण्याचा धोका सुमारे २१ टक्क्यांनी कमी होत होता.

सवयीबद्दल एकच. तात्काळ आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप वारंवार लागत असेल, तर ते व्यसन नव्हे, सूज आटोक्यात नसल्याची ती खूण आहे. म्हणूनच २०१९ पासून दम्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं नुसत्या त्या पंपावर राहू नका असं सांगतात, सूज कमी करणारं औषध, म्हणजे पंपातलं स्टेरॉइड, जोडायला लावतात.

आता 'संशोधनाने सिद्ध'. असं संशोधन खरंच झालेलं आहे, आणि मला ते मोलाचं वाटतं. १९६८ मध्येच ब्रिटिश ट्युबरक्युलोसिस असोसिएशनने स्वसंमोहनाची मोठी चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला महिन्यातून एकदा संमोहन आणि रोज स्वसंमोहन, असं वर्षभर. दुसऱ्या गटाला शरीर सैल सोडायला शिकवणारे श्वासाचे व्यायाम. कोणी काय केलं हे माहीत नसलेल्या डॉक्टरांनी शेवटी तपासलं, तेव्हा संमोहन गटातल्या ५९ टक्के आणि व्यायाम गटातल्या ४३ टक्के रुग्णांची तब्येत 'बरीच सुधारलेली' वाटली. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण फुंकून मोजलेली फुप्फुसांची ताकद दोन्ही गटांत जवळपास सारखीच राहिली. शिवाय हे रुग्ण श्वासनलिका मोकळी करणारं औषध वापरत होते आणि त्याची रोज नोंद ठेवत होते. त्या चाचणीतून 'औषध सोडा' हा अर्थ निघत नाही. योगाबद्दलही तसंच: २०१६ मध्ये १५ चाचण्या आणि १०४८ रुग्ण एकत्र पाहिले गेले, तेव्हा जगणं थोडं सुसह्य होतं, लक्षणं थोडी कमी होतात, एवढं दिसलं.

वाटणं आणि मोजणं यांतलं अंतर २०११ च्या एका अमेरिकी चाचणीत सर्वांत स्पष्ट दिसतं. खऱ्या साल्ब्युटामॉलने पहिल्या सेकंदात बाहेर फुंकलेली हवा सुमारे २० टक्क्यांनी वाढली. औषध नसलेल्या पंपाने आणि खोट्या ॲक्युपंक्चरने वाढली सुमारे ७ टक्के, काहीच न करता नुसतं थांबल्यावर वाढली तेवढीच. पण 'बरं वाटलं का' असं विचारल्यावर खऱ्या पंपवाल्यांनी आणि खोट्या उपचारवाल्यांनी जवळजवळ सारखंच उत्तर दिलं.

याच कारणाने मजकुरातला शेवटचा सल्ला जिवावर बेतणारा आहे. दम लागलेल्या माणसाला आडवं झोपवलं, की श्वास आणखी जड होतो. त्याला बसवायचं, किंचित पुढे झुकवून. शिथिलीकरणाने श्वासनलिका उघडतात हेही गृहीत धरता येत नाही. श्वासनलिका उघडणारं शरीराचं स्वतःचं रसायन ॲड्रिनलिन आहे, आणि ते शांततेत वाढत नाही. मोठ्या अटॅकमध्ये छातीतली शिट्टी थांबली, माणूस गुंगल्यासारखा निवांत झाला, तर डॉक्टर घाबरतात, कारण हवाच आतबाहेर होत नसते आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असतो. घरच्यांना मात्र वाटतं, संमोहन लागू पडलं. १९९४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं, की मरणाच्या दारातून परतलेल्या दमेकऱ्यांना श्वास कोंडल्याची जाणीवच इतरांपेक्षा कमी होते. ही जाणीव मुद्दाम बोथट करणं कोणालाही शिकवू नये.

मग स्वसंमोहनाची जागा कोणती? एक तर रोजची, अटॅक नसताना. भीती कमी झाली की झोप लागते आणि घाबरून उथळ, भराभर श्वास घेण्याची खोड सुटते. घरात पीक फ्लो मीटर ठेवावा. साधं, स्वस्त नळकांडं असतं, आणि आपल्याला बरं वाटतंय की खरंच बरं आहे, हे त्यात फुंकून कळतं.

दुसरी जागा अटॅकच्या वेळची, पण तात्काळ आराम देणाऱ्या पंपानंतरची. ताठ बसा, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, डॉक्टरांनी सांगितलेले पफ एकेक करून घ्या. औषधाला काम करायला काही मिनिटं लागतात आणि ती मिनिटं फार लांब वाटतात. तेव्हा खांदे खाली सोडा, जबडा सैल करा, ओठ किंचित मिटून श्वास सावकाश बाहेर जाऊ द्या आणि रोज सराव केलेलं वाक्य मनात म्हणा. उतार पडला नाही, एक वाक्य सलग बोलता येईना किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवा.