ओळखीतला थेरपिस्ट नको

गेले चार दिवस आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चालू आहे. चुलतबहिणीला सहा महिन्यांपासून धड झोप नाही, मधूनच रडू येते, आणि तिनं स्वतःच सांगितलं की मला थेरपिस्टकडे जायचंय. एवढं ती बोलली हेच मला खूप वाटलं. तर मामा म्हणाले नागपुरात रामदासपेठेत आपल्या ओळखीचा आहे, काकू म्हणाल्या ओळखीचा नको, साऱ्या धरमपेठेत बदनामी होईल, आणि दादानं मला टॅग केलं, "तू इंग्लंडमध्ये आहे ना, तिकडचीच कोणी ऑनलाइन पाहून दे, तिकडे सगळं प्रॉपर असते."

म्हणून लिहून राहिली. प्रॉपर हे अर्धंच खरं आहे दादा. इथे सरकारी टॉकिंग थेरपीसाठी, म्हणजे बोलून उपचारासाठी, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आपणच फॉर्म भरायचा, दर वेळी प्रश्नांचा कागद भरून घेतात आणि आकड्यावरून कळते फरक पडून राहिला की नाही, हे मला मनापासून आवडते. पण काउन्सेलर किंवा सायकोथेरपिस्ट अशी पाटी इथेही कायद्यानं कोणीही लावू शकते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसारखी काही नावं तेवढी राखीव.

बाबा गेले त्या वर्षी मी इथे प्रायव्हेट थेरपी घेतली. बाई चांगल्या होत्या, पण जीव कासावीस होतो म्हणजे काय हे मला इंग्रजीत सांगताच येईना, आणि मी रोज रात्री आईला फोन करते हे ऐकून त्या म्हणाल्या इथे बाउंड्री हवी. पुढचे दोन सेशन मी त्या फोनची सफाईच देत बसली. पाचव्या वेळी घाबरत घाबरत सांगितलं की मला बदलायचंय, तर त्यांनीच दोन नावं दिली. दुसऱ्या बाई गुजराती. त्यांनी विचारलं, आई फोनवर काय बोलते? मी म्हटलं, "जेवली का, एवढंच," आणि जी रडली ती पन्नास मिनिटं संपेपर्यंत.

ओळखीतला नको तो यासाठी. काकू म्हणतात तसं बदनामीच्या भीतीनं नाही, गुप्तता पाळणं तर आपल्या भारतातल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानंच बंधनकारक आहे. पण ओळखीचा पटला नाही तर सोडता येत नाही, मामांना काय वाटेल हेच डोक्यात राहते.

बहिणाबाई, तू थेरपिस्टची आधी डिग्री विचार, लाजू नको. गोळ्या लागतील असं वाटलं तर सायकिअॅट्रिस्ट, बोलून उपचार हवा तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, त्यांचं नाव रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या रजिस्टरमध्ये असते, तिथे पाहून घे. मग रडताना तुझ्या तोंडून जी भाषा येते ती त्यांना कळते का ते बघ. तीन-चार सेशन जा, नाही जमलं तर तोंडावर सांगून बदल. आणि रात्री दोनला फारच झालं तर इंग्लंडची थेरपिस्ट काय करणार, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लाव, फुकट आहे, मराठीत बोलतात.

मामा, रागावू नका. तिला गाडीवर सोडून द्या, खाली चहा घ्या, आणि ती आली की काय बोलली ते विचारू नका.