वजीर कोनी देते का?

नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि आमच्या गावात बुद्धिबळ शिरलं. पट कुणाच्याच घरी नाही. माझ्या मोबाइलवर कोडं येतं आणि ते सोडवायला अख्खा पानठेला गोळा होतो.

परवाचं कोडं असं : पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात. काळा राजा कोपऱ्यात, पुढ्यात दोन प्यादी, शेजारचं घर रिकामं, त्यापलीकडं हत्ती. आपला घोडा थेट प्याद्याच्या तोंडी, आणि वजीर लांबून तिरपी रेघ धरून बसलेला.

"घोडा वाचव आंधी," काकाजींचा हुकूम.

"वाचवता कायले?" कृषी केंद्रवाले शेठ म्हणाले. "घोड्यानं शह दे. हत्ती खाईन त्याले, वजीर हत्तीले खाईन. घोड्याचे तीन गुण देल्ले, हत्तीचे पाच आले!" मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांच्या खर्ऱ्याच्या बोटानं चाल झालीसुद्धा. फोनवर लाल फुली. सौदा तसा खोटा नव्हता. पण कोडं मात मागत होतं, आणि शेठला नफ्यापलीकडचं दिसत नाही.

मी डोळे मिटून विचार करू लागलो, तर ठेलेवाल्यानं उधारी काढली.

शेवटी पुडी न्यायला आलेलं सातवीतलं पोरगं म्हणालं, "वजीर राजाच्या बाजूले ठेवा ना भाऊ."

"अबे, वजीर कोनी देते का फुकट?" ठेला एकमुखानं ओरडला.

मी ठेवला. राजाला तो खाता येईना, त्या घरावर घोड्याचा डोळा. हत्तीलाच खावा लागला. हत्ती तिथं येऊन बसला आणि राजाला हलायला जागा उरली नाही. घोड्याची एक उडी, मात! ही युक्ती लुसेना नावाच्या स्पॅनिश माणसानं १४९७ मध्येच छापून ठेवलीय. सातबारा मात्र अठराव्या शतकातल्या फिलिडोर या फ्रेंच बुद्धिबळपटूच्या नावावर चढला. पण हे सांगायला मला कोणी सवड दिली नाही.

"आपल्याच मान्साईनं कोंडून मारला बापा," कोणीतरी म्हणालं. अविश्वास ठरावात उतरलेले माजी सरपंच तेवढ्यात एसटी आली का ते पाहू लागले.

काकाजींचं समाधान झालं नव्हतं. "मात झाली, मान्य," ते म्हणाले, "पन वजीर गेला ना? थो कोन भरून देईन?"