राऊटर म्हणजे दूरदर्शनचा अँटेना नव्हे, ती तार आधी सोडा

'भाड्याच्या खोलीत वाय-फाय येत नाही? कंपनीवाले सांगणार नाहीत असे 6 घरगुती उपाय' हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. मी वाचून सोडून दिला होता. पण मावशीने तो लेकाला पाठवलान, लेक रत्नागिरीत खोली घेऊन राहतो, आणि रविवारी मी त्याला डबा द्यायला गेले तर पठ्ठ्याने त्यातला दुसरा उपाय करून ठेवलेलान!

दुसरा उपाय असा: 'राऊटरच्या अँटेनाला तांब्याची तार 7 वेळा गुंडाळा, दुसरं टोक पत्र्याला किंवा उंच झाडाला बांधा, रेंज तिप्पट.' राऊटर घरमालकांच्या पडवीत, शोकेसवर. त्याच्यावरून पंख्याच्या वाइंडिंगची तार निघून खिडकीच्या गजातून थेट न्हाणीच्या पत्र्यावर गेलेली, वर एमसीलचा गोळा. घरमालक काकांनी म्हणे स्टूल धरलंनी. मे महिन्याचा शेवट, रोज संध्याकाळी सह्याद्रीकडून काळं होऊन येतंय, गडगडतंय, आणि यांनी पत्र्यावरून घरात विजेला वाट करून दिलेली. पत्र्यावरच पडायला हवी असंही नाही, शेजारच्या माडावर पडली तरी जवळच्या लांब तारेत झटका येऊ शकतो, आणि त्या तारेचं घरातलं टोक कुठे, तर जिथे काकू दुपारी तांदूळ निवडत बसतात तिथे. वीज चमकायला लागली की उपकरणांचे प्लग काढा, धातूच्या वस्तूंपासून लांब राहा असं आपत्ती व्यवस्थापनवाले दरवर्षी घसा कोरडा करून सांगतात, आणि आपण नवीन धातू आणून बांधतो. मी आधी तार सोडली, मग डबा दिला.

बरं, जीव धोक्यात घालून फायदा तरी? शून्य. हा उपाय ज्याने लिहिला त्याच्या डोक्यात अजून कौलांवरचा अँटेना आहे, एकजण वर काठी फिरवतोय आणि एकजण खालून 'आलं, आलं, गेलं' ओरडतोय. तेव्हा चित्र लांबच्या टॉवरवरून हवेतून यायचं, म्हणून उंच चढण्यात अर्थ होता. आता इंटरनेट फायबरमधून, काचेच्या तंतूतून उजेड होऊन राऊटरपर्यंत येतं. राऊटरला आकाशातून पकडायचं काहीच नाहीये, त्याला फक्त पडवीतून मागच्या खोलीपर्यंत पोचायचंय. आणि अँटेनाची लांबी काय वाट्टेल ती नसते, वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यातली लहर साधारण साडेबारा सेंटीमीटरची, त्या मापानेच आतला तुकडा बनवलेला असतो. वरच्या प्लॅस्टिकवर तार गुंडाळली तर ती आत कुठे जोडलीच जात नाही, उलट अँटेनाचं गणित बिघडवते.

पहिला उपाय, राऊटरमागे ॲल्युमिनियम फॉइल लावायचा. इथे मला नाइलाजाने थोडं मान्य करावं लागतंय. अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजच्या संशोधकांनी 2017 मध्ये खरंच असे परावर्तक करून दाखवले, थ्रीडी प्रिंटरवर आकार काढून वर धातूचा पातळ थर, खर्च 35 डॉलर. त्यांनी हवं तिथे सिग्नल वाढवला आणि नको तिथे कमीही केला. पण हे 'कमी केला' फॉरवर्डमध्ये गायब आहे! शिवाय तो आकार त्या घराच्या नकाशावरून कॉम्प्युटरने काढलेला होता, पोळ्यांचा फॉइल चुरगाळून मागे खोचलेला नव्हता. तुम्ही खोचाल तेव्हा तुमचं वाढेलही कदाचित, पण पलीकडे काकूंची मालिका अडकेल आणि पुढच्या महिन्यात भाडं वाढेल.

बाकीचे पटापट. रोज राऊटर बंद-चालू करा: अडकला असेल तर करा, भिंत त्याने पातळ होत नाही. ओल्या फडक्याने गार ठेवा: चालू विजेच्या वस्तूवर ओलं फडकं, यावर मी काय लिहू. डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला, स्पीड दुप्पट: साईट उघडायला क्षणभर लवकर सुरुवात होईल, एवढंच. सहावा म्हणजे 199 रुपयांचा 'सिग्नल बूस्टर स्टिकर', तो स्टिकर आहे.

खरा प्रकार काय होता ते बघायला दहा मिनिटं लागली. फोनवर स्पीड टेस्ट केली, राऊटरखाली उभं राहून 90 एमबीपीएस आणि त्याच्या खाटेवर बसून 4. म्हणजे लाईन चांगली, मधल्या भिंती खाताहेत. (राऊटरशेजारीच 4 आला असता तर कंपनीला फोन करायचा, आणि लॉसचा (LOS, म्हणजे फायबरचा सिग्नल गेल्याचा) दिवा लाल असेल तर कुठेतरी फायबर तुटलीय, आमच्याकडे बहुतेक वेळा वानरांची कृपा.) मध्ये दोन भिंती, दोन्ही जांभ्या चिऱ्याच्या, आणि चिरा पावसात पाणी पितो, पाणी सिग्नल शोषतं, त्यामुळे जुलैत अजून वाईट होणार हे ठरलेलं. 5 गिगाहर्ट्झवर, म्हणजे वाय-फायच्या दुसऱ्या पट्ट्यावर टाक असं त्याच मेसेजखाली कुणीतरी शहाणपणा केलाय, ते वेगवान असतं खरं पण भिंतीपुढे आधी तेच हरतं.

मग मावशीकडे पडलेला जुना राऊटर मागवला. त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदलला, डीएचसीपी (बाकीच्यांना असे पत्ते वाटायचं काम) बंद केलं, आणि पडवीतल्या राऊटरपासून खोलीपर्यंत लॅन केबल ओढून या जुन्या राऊटरच्या वॅनमध्ये (बाहेरून इंटरनेट घ्यायच्या भोकात) नाही, लॅनच्या भोकात घातली. केबल पण तांब्याचीच की, म्हणेल कुणीतरी. हो, पण ती सगळी घराच्या आतून गेलीय, पत्र्याला कुठे शिवत नाही, आणि गडगडायला लागलं की दोन्ही टोकं आणि ॲडॉप्टर काढून ठेवायचे हे त्याला तीनदा बजावलंय. खाटेवर आता 40 च्या आसपास येतो, राऊटर जुना, फक्त 2.4 वाला, त्यामुळे त्याच्यावर जात नाही.

15 मीटर केबल लागली. भिंतीला भोक पाडावं लागलं नाही, केबल टीव्हीच्या जुन्या वायरीचं होतं त्यातूनच गेली. काका एवढंच म्हणाले, "खोली सोडशील तेव्हा केबल नको हो काढून नेऊ."