उन्हात बसणारं कापड

आमच्या जुन्या घरात सोपा होता, सोफा नव्हता. पाहुणा आला की सोप्यात घोंगडं पडायचं, पाहुणा उठला की घोंगडं झटकून खुंटीला. त्या घोंगड्याला कुणी कधी विचारलं नाही की बाबा, तुझा जीएसएम किती, म्हणजे चौरस मीटरला वजन किती ग्रॅम. नव्या घरात सोपा गेला, सोफा आला, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून सोफ्याची धाकटी भावंडं गच्चीवर चढली.

गच्ची कोल्हापुरात, रंकाळा तळ्याच्या मागच्या अंगाला. हवा स्वच्छ असली की लांब जोतिबाचा डोंगर दिसतो, नसली की शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. संध्याकाळी तिथं बसून कपभर चहा प्यावा, एवढीच माझी हाव. त्यासाठी पाडव्याच्या मुहूर्तावर चार लोखंडी खुर्च्या आणि दोघांपुरता एक बाक आणला. सोबत मरून रंगाच्या गाद्या. दुकानदार म्हणाला, "सर, आऊटडोअरच आहे. काही होत नाही." हे वाक्य आमच्याकडं वापरलेली मोटारसायकल विकताना आणि मुलाचं स्थळ सांगताना म्हणतात, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. गगनबावड्याला धो धो कोसळणारा पाऊस कोल्हापूरला पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त कसा गळून जातो, हे मी २५ वर्षं फळ्यावर काढतोय. त्यामुळं माझं सगळं लक्ष पावसाकडं. सूर्य नावाचा गृहस्थ डोक्यावर उभा आहे, हे भूगोलाच्या मास्तराच्या ध्यानात आलं नाही. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव वर्षातनं दोनदाच होतो, नोव्हेंबरात आणि जानेवारी सरता सरता. मावळतीची किरणं काही मिनिटं गाभाऱ्यात जातात आणि गावभर चर्चा होते. आमच्या गच्चीवर तोच उत्सव ऑक्टोबर ते मे, रोज उजाडल्यापासून मावळेपर्यंत. मे संपता संपता मरून गाद्या विटकरी झाल्या, आणि 'विटणं' हे क्रियापद कुठनं आलं असेल याचा मी माझ्यापुरता शोध लावला. गादी उलटी केली की खालची बाजू मरून. एका गादीत दोन रंग मिळाले, पैसे एकाचेच.

मग पाऊस आला. जुलैत कोल्हापुरी माणूस दुसऱ्याला भेटला की तब्येत विचारत नाही, "पाणी किती फुटावर?" विचारतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांआधी पाठ होतं. आमच्या गाद्यांनी इशारा बिशारा काही दिला नाही, त्या थेट धोक्यात गेल्या. आतला फोम साधा, स्पंजासारखा. घेतलेलं पाणी परत द्यायची त्याला सवय नाही. उघडीप बघून एक दूरचे काका वर आले, जोतिबाच्या दिशेला हात जोडले आणि टेकले. पुढं जे झालं त्याला आईनं जिन्यातनंच नाव दिलं, "राधानगरीचं दरवाजं उघडलं बघ." ती उपमा तंतोतंत होती. राधानगरी धरणाचे दरवाजेही स्वयंचलित आहेत, पाण्याचा भार ठराविक मापाबाहेर गेला की आपले आपण उघडतात.

गणपतीपर्यंत गाद्यांवर काळे ठिपके आले आणि वास असा की गच्चीचं दार उघडलं की खाली मोदकाची चव जायची. आईनं गाद्या फाडल्या, कव्हरांची पायपुसणी केली. सहा झाली. अजून आहेत.

दुसऱ्या वर्षी मी रेक्झीन आणलं. डोकं असं चाललं की पाणी आत जातंय ना, मग आत जायची वाटच बंद करू. रिक्षाच्या सीटा बघा, कशा टिकतात. चहाच्या रंगाचं रेक्झीन, त्यावर चौकोनी शिलाई. दिसायला एखाद्या संचालकाची केबिन. एप्रिलच्या दुपारी शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर हाफ पँटवर आले, बसले आणि जितक्या वेगानं बसले त्याच्या दुप्पट वेगानं उठायला गेले, पण रेक्झीन सोडेना. शेवटी मांडी सुटल्याचा जो आवाज झाला तो त्यांच्या सौ.नी खालच्या अंगणात ऐकला. त्या दिवसापासून ते आमच्याकडं विजारीत येतात.

पावसाळ्यात कळलं की पाण्याला वाट मिळालीच होती. चौकोनी शिलाई म्हणजे सुईची हजारभर भोकं. त्यातनं पाणी आत गेलं, आणि रेक्झीननं आता ते बाहेर पडू नये याची चोख व्यवस्था केली. पुढच्या उन्हाळ्यात त्याला भेगा पडल्या. रेक्झीन मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते उन्हानं हळूहळू निघून जातं आणि उरतं ते पापडासारखं कडक. आईनं त्यातला शाबूत भाग कापून फ्रीजच्या खाली घातला, एक तुकडा गॅस सिलिंडरखाली. मधे ताडपत्रीचाही विचार झाला होता. हिनं एका वाक्यात निकालात काढला, "आपल्याकडं पाहुणे येतात की उसाचा ट्रॅक्टर?"

मग मी इचलकरंजीला फोन केला. तिथं माझा मेहुणा आहे आणि त्याचे चोवीस माग आहेत. वस्त्रनगरीत मेहुणा असून मी दोन वर्षं रिक्षाची उदाहरणं देत बसलो होतो, हे त्याला इतकं लागलं की तो रविवारी सकाळीच हजर झाला. गच्चीवर जाऊन रेक्झीनच्या भेगेत बोट घातलं आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही पावसाशी भांडायलाय. भांडण उन्हाशी हाय."

आई कुरडयांचा सोऱ्या पुसत बसली होती. त्यानं तो हातात घेतला आणि आमचा वर्ग सुरू केला. "मावशी, भडंगाला तिखट कसं लावताय?"

"वरनं. तेलात परतून."

"आणि तिखट शेवंला?"

"पिठात कालवून. मग सोऱ्यात."

"भडंग चोखला तर?"

"आत पांढराच की."

"झालं. तुमच्या गाद्यांचं कापड भडंग हुतं. पांढरा धागा विणला, मागनं रंगात बुडवला. उन्हानं चोखला, गेला रंग. आपल्याला शेव पायजे."

बाहेर ठेवायच्या चांगल्या कापडात धागा तयार व्हायच्या आधीच, पातळ लगद्यात रंग कालवतात आणि मग बारीक भोकांतनं धागा काढतात. अक्षरशः सोऱ्या. रंग आरपार असतो, म्हणून ऊन त्याला सहजी बाटवू शकत नाही. ॲक्रिलिकचं असं कापड पाश्चात्त्य देशांत दुकानांपुढच्या छपऱ्यांसाठी वापरतात. सनब्रेला हे त्यातलं नावाजलेलं नाव, १९६१ पासूनचं. पॉलिएस्टर घासायला ॲक्रिलिकपेक्षा चिवट, पण तेही असंच आधी रंग कालवलेलं हवं. आणि तिसरं पॉलिप्रॉपिलीन, जे पाणी धरतच नाही, झटकलं की कोरडं, फक्त शेगडीजवळ नेलं की वितळतं.

"हे तिसरं स्वस्त पडंल," मेहुणा म्हणाला. "खताची पोती त्याचीच असत्यात."

हिनं ऐकलं फक्त शेवटचं वाक्य. तिसरं बाद झालं.

दुकानं फिरायला मेहुण्यानं खिशात काडेपेटी घेतली आणि मला पाण्याची बाटली घ्यायला लावली. आम्ही राजारामपुरीत एका मोठ्या दुकानात शिरलो तेव्हा आम्ही गिऱ्हाईक आहोत की आंदोलक, हे तिथल्या पोराला कळेना. ही जाड कॅनव्हासच्या एका ताग्यापुढं थांबली. पोरगा म्हणाला, "मॅडम, शंभर टक्के कॉटन. नॅचरल." मेहुण्यानं कडेचे दोन धागे ओढले, दुकानाबाहेर जाऊन काडी ओढली. धागा ज्योतीपासून आखडला, वितळला आणि टोकाला काळा, टणक, चकचकीत गोळा झाला. "सुताची राख हुती, कागद जाळल्यागत वास येतोय. हेचा मणी झाला." पोरानं दुसरा तागा काढला. दुसरा मणी. मालकांनी गल्ल्यावरनं मान वर केली. कापडाचा पोत बघायला गेलो आणि मण्यांची पोत ओवायची वेळ आली. बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला, सुती असतं तरी आपण घेतलं नसतं, बुरशीला ते ताटात वाढल्यासारखं. मग मालकांचा रक्तदाब कशाला वाढवला, हे मी विचारलं नाही. इचलकरंजीचा माणूस धागा बघितल्यावर जाळतोच.

पुण्याहून कन्येचे मोबाईलवर आदेश येत होते. "बाबा, लाइटफास्टनेस विचारा. ब्लू वूल, ७ किंवा ८." म्हणजे निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्या असतात, पहिली उन्हात झटकन विटते, आठवी सगळ्यात उशिरा, आपलं कापड त्यातल्या कुणाच्या बरोबरीनं टिकतं त्यावरनं आकडा देतात. मी दुसऱ्या दुकानात मोठ्या ऐटीत विचारलं, "ब्लू वूल किती?"

"सर, निळ्यातलं संपलंय. मंगळवारी येईल."

"बरं, मार्टिंडेल?" हे लोकरीच्या कापडावर घासून घासून किती फेऱ्यांत झिजतं ते मोजायचं माप.

"त्या कंपनीचं आम्ही ठेवत नाही."

तिसऱ्या दुकानात मात्र एक वयस्कर गृहस्थ भेटले. त्यांनी आकडे छापलेला कागदच पुढं ठेवला, वर म्हणाले, पाणी ओता. मी बाटली उपडी केली. पाणी अळूच्या पानावर घरंगळावं तसं घरंगळलं आणि त्यांच्या हिशेबाच्या वहीवर गेलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हे वॉटरप्रूफ नाही बरं का. पाणी साचलं तर हळूहळू झिरपणार. पण वाळतंही लगेच, कापडाला श्वास आहे." दोन वर्षांत 'काही होत नाही' न म्हणणारा हा पहिला दुकानदार. मी तिथंच विरघळलो. मग भाव ऐकून पुन्हा घट्ट झालो. एका मीटरच्या पैशात चांगल्या दोन जोड कोल्हापुरी चपला आल्या असत्या, करकर वाजणाऱ्या.

हिला निळे-पांढरे पट्टे आवडले. पट्टे आले की पट्ट्याला पट्टा जुळवणं आलं, आणि ५४ इंची पन्ह्यात पट्टे जुळवायचे म्हणजे कापड जास्त लागणार. दीड मीटर उरणार, हे तिथंच स्पष्ट दिसत होतं. तरी घेतलं. हे दीड मीटर लक्षात ठेवा.

शिवायला गादीवाले मामा. मेहुण्यानं सगळं बजावलेलं: फोम जाळीदार घ्या, ज्यातनं पाणी आरपार खाली जातं; चेन प्लास्टिकची; आणि दोरा पॉलिएस्टरचा, जाड. मामांनी फोम घेतला, चेन घेतली. दोऱ्यापाशी त्यांचा स्वाभिमान आडवा आला. "सर, तीस वर्सं ह्योच दोरा वापरतोय. एक तक्रार न्हाई." मला पुढं कळलं की मामांच्या तीस वर्षांच्या गाद्या घरात झोपण्यासाठी होत्या. आमच्या गाद्यांनी अख्खा पावसाळा काढला, रंग जसाच्या तसा, ठिपका नाही, वास नाही; आणि भाद्रपदात एका सकाळी बाकाची गादी कडेनं भुईमुगाच्या शेंगेसारखी उकलली. कापडाला काही झालं नव्हतं. दोरा कुजला होता. मामांनी गादी हातात घेतली, उसवलेला दोरा चिमटीत धरला, तो पिठासारखा झाला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कापड लईच चांगलं आणलंसा की. दोऱ्याला झेपलं न्हाई." पाचही गाद्या त्यांनी जाड पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं पुन्हा शिवल्या आणि मजुरी घेतली नाही. चहा घेतला, गच्चीवर बसून.

आता सगळं जागच्या जागी आलं होतं. हिवाळा मी राजासारखा काढला. रोज संध्याकाळी चहा, जोतिबाचा डोंगर, आणि येईल त्याला शेव-भडंगाचं व्याख्यान. पोस्टमास्तर पुन्हा हाफ पँट घालू लागले.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी कप घेऊन वर गेलो. चारही खुर्च्यांवर मिरच्या. दोन खुर्च्या ब्याडगी, दोन संकेश्वरी. बाकावर धणे आणि खोबरं. पट्टे कुठंही दिसत नव्हते. कठड्याजवळ उरलेलं दीड मीटर ताणून चार विटा ठेवलेल्या आणि त्यावर कुरडयांचे वळेसे ओळीनं. आई कोपऱ्यात छत्री घेऊन कावळे हाकत बसलेली.

"आई, अगं डाग पडतील!"

"पडत्यात का ते बघूया की. मणी करून झालं, पाणी वतून झालं, हे राहिलंच हुतं न्हवं?"

"पण बसायचं कुठं?"

"चटणी डंकावर जाईस्तवर खाली बस. आठ दिवसाचा तर प्रश्न."

मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत पालथ्या बादलीवर बसलो. तिनं एक कुरडई उचलून दाखवली. अलगद सुटली होती, एक तार मोडली नव्हती. जुन्या धोतरावर घातल्या की निम्म्या चिकटून राहायच्या, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, कारण चिकटलेल्या खरवडून खायचं काम माझ्याकडं असायचं. तेही गेलं.

"एवढं कौतुक कराय लागलंय खरं," आई कापडावर हात फिरवत म्हणाली. "मेव्हण्याला फोन लाव. म्हणावं अजून दोन मीटर बघ. सांडग्याला पुरंना झालंय."