आधी जेवण, मग मूड

ईटिंग डिसऑर्डर (खाण्याशी जोडलेला मानसिक आजार) आणि डिप्रेशन दोन्ही असलेल्यांना "आधी डिप्रेशनमधून बाहेर ये, खाणं मग आपोआप रुळावर येईल" असं सांगणाऱ्यांनो, बऱ्याचदा हे नेमकं उलटं असतं हो.

१९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या संशोधकाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या खाण्यावर ठेवलं होतं. मनाने ठणठणीत म्हणूनच निवडलेली पोरं, तरी उदास झाली, चिडचिड, माणसं नकोशी आणि डोक्यात सतत फक्त खाणं, काही जण तर रेसिपीची पुस्तकं वाचत बसायचे! मग अ‍ॅनोरेक्सियावाली, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने जेवणच तोडणारी, मुलगी (मुलगेही असतात बरं का) उदास आहे यात नवल ते काय. वजन फार उतरलेलं असताना डिप्रेशनच्या गोळ्याही नीट लागू पडत नाहीत.

पण उपाशी राहणं, बिंज (ताबा सुटून एकदम भरमसाट खाणं), मुद्दाम काढलेल्या उलट्या हेच त्या माणसाचं डिप्रेशन सहन करायचं साधन झालेलं असतं, बिंज करताना डोकं थोडा वेळ बधिर होतं, मी बुलिमियात (आधी बिंज, मग उलट्या, असा आजार) वर्षं काढलीयेत म्हणून सांगतेय. नंतर जी लाज वाटते तिने डिप्रेशन अजून वाढतं आणि परत तेच. त्यामुळे नुसतं "बंद कर" म्हणून काही होत नाही, त्या जागी दुसरं काहीतरी लागतं.

मला उपयोग झाला घड्याळाचा. दर तीन-चार तासांनी खायचं, भूक आहे का हे स्वतःला विचारायचंच नाही, बुलिमियाच्या सीबीटीत (विचार आणि सवयी बदलायची थेरपी) पण हे अगदी सुरुवातीलाच करून घेतात. उदास दिवशी काही ठरवायची ताकदच नसते ना, तेव्हा ते आधीच ठरलेलं असलेलं बरं. जेवणानंतरचा अर्धा तास सगळ्यात बेकार, तेव्हा एकटं बसायचं नाही, कोणालाही फोन लावायचा आणि काहीही बोलायचं, कॅलरी सोडून. बिंजची, उलटीची उबळ येते तशी उतरतेही, पण हे पटायला वेळ लागतो.

जीव द्यायचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आत्ताच कोणाला तरी सांगा.

आणि डॉक्टरांना दोन्ही सांगा प्लीज. लोक डिप्रेशन सांगतात आणि उलट्या लपवतात. बुप्रोपिऑन हे डिप्रेशनचं औषध बुलिमिया-अ‍ॅनोरेक्सियात देत नाहीत, फिट येण्याचा धोका वाढतो. फ्लुओक्सेटिन बुलिमियात चालतं पण त्याचा डोस सहसा ६० मिलीग्रॅम, डिप्रेशनला सुरुवातीला देतात त्याच्या तिप्पट. डॉक्टरांना माहितीच नसेल तर ते तरी काय करणार? आणि सगळं सांगूनही कोणी तुमच्याकडे बघून "तुला कुठे काय झालंय, चांगली तर दिसतेस" म्हणालं तर सरळ दुसरा डॉक्टर शोधा, बुलिमिया आणि बिंज इटिंगवाले बरेच जण दिसायला बारीक नसतातच.